तीन ग्रॅमची झीज

सोलापूरहून तुळजापूरला जाताना वाटेत तामलवाडी लागते. या गावचा एक विद्यार्थी आमच्या महाविद्यालयात अकरावीत शिकतो. एके दिवशी तास संपल्यावर तो मागे थांबला आणि म्हणाला, "सर, आमची मोटारसायकल धूर मारते. ॲव्हरेज साठावरून चाळीसवर आलंय. मिस्त्री म्हणतो, बोअर-पिस्टन करा, आठ हजार लागतील. वडील म्हणतात, तेरा वर्षांची गाडी, तिच्यात पैसे कशाला घालायचे? कर्ज काढून नवीच घेऊ. तुम्हीच सांगा, काय करावं?"

दोन वर्षांपासून त्याचे वडील याच गाडीवरून सोलापूरच्या बाजारात भाजी नेतात. नव्या गाडीला पाऊण लाखाच्या आसपास रक्कम हवी. तिचे हप्ते जाणार मुलाच्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. त्याच्या दृष्टीने प्रश्न गंभीर होता. मी त्याला म्हटले, "मी सांगत नाही. आपण दोघे मिळून गणित करू." विद्यार्थिमित्रांनो, तेच गणित आज तुमच्यापुढे ठेवतो.

गाडी जुनी होते म्हणजे काय होते?

1985 साली भारतात हीरो होंडा सीडी 100 ही चार स्ट्रोकची मोटारसायकल आली. तिच्या सिलिंडरचा व्यास 50 मिलिमीटर आणि दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, धाव 49.5 मिलिमीटर होती. वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले धाव हा गुणाकार करा. उत्तर सुमारे 97.2 घनसेंटिमीटर येईल. पुढे याच मापाच्या इंजिनावर लक्षावधी गाड्या निघाल्या. आपल्या विद्यार्थ्याची गाडीही याच मापाची.

इंजिनाच्या एका फेऱ्यात दट्ट्या एकदा वर जातो आणि एकदा खाली येतो; म्हणजे जवळजवळ 10 सेंटिमीटर घासतो. वरच्या गिअरमध्ये गाडी एक किलोमीटर जाते तेव्हा असे इंजिन सुमारे 5,000 फेरे घेते. 5,000 गुणिले 10 सेंटिमीटर म्हणजे 500 मीटर. गाडी रस्त्यावर एक किलोमीटर धावली की आत दट्ट्या अर्धा किलोमीटर घासतो! या गाडीच्या मीटरवर 80,000 किलोमीटर होते. म्हणजे तिचा दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीवर 40,000 किलोमीटर घासला. पृथ्वीचा परीघही एवढाच आहे.

एवढे घासूनही तो टिकतो, कारण दट्ट्याच्या कड्या (ज्यांना आपण रिंगा म्हणतो) आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ पडदा असतो. मात्र धावेच्या वरच्या टोकाला दट्ट्या क्षणभर थांबून उलट फिरतो. तेथे उष्णता आणि दाब सर्वांत जास्त असतात, त्यामुळे हा पडदा विरळ होतो. सिलिंडर सर्वांत जास्त झिजतो तो तेथेच. त्यात हवेची गाळणी फाटकी असेल तर रस्त्यावरची धूळ आत जाते. तिच्यातील काही कण लोखंडापेक्षा कठीण असतात आणि कानशीप्रमाणे काम करतात.

मग झीज किती होते? अशा इंजिनात सिलिंडरचा व्यास एक दशांश मिलिमीटरच्या आसपास वाढला की बोअर करायची वेळ आली असे समजतात. म्हणजे भिंतीची जाडी प्रत्येक बाजूने 0.05 मिलिमीटर कमी झाली. भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे 78 चौरस सेंटिमीटर. त्याला 0.005 सेंटिमीटरने गुणले तर घनफळ 0.39 घनसेंटिमीटर येते. ओतीव लोखंडाची घनता 7.2 धरा. गेलेल्या लोखंडाचे वजन तीन ग्रॅमही भरत नाही!

शंभर किलोंहून जड गाडी आपण "म्हातारी" ठरवतो ती या तीन ग्रॅमसाठी. फटीतून जळते वायू खाली निसटतात, म्हणून जोर कमी होतो. तेल वर चढून जळते, म्हणून निळसर धूर येतो.

आधी निदान, मग उपचार

ॲव्हरेज घटण्याचे कारण दर वेळी सिलिंडरच असते असे नाही. ब्रेक घासत असतील, टायरमध्ये हवा कमी असेल, क्लच सरकत असेल किंवा गाळणी तुंबली असेल, तरी पेट्रोल जास्त जाते. धूर काळा असेल तर पेट्रोल नीट जळत नाही असे समजावे. जाणता मिस्त्री दाबमापक लावून सिलिंडरमधील दाब पाहतो, मग प्लगच्या भोकातून थोडे तेल सोडून तो पुन्हा मोजतो. तेलाने फट तात्पुरती बुजून दाब वाढला, तर दोष रिंगांचा किंवा सिलिंडरचा. नाही वाढला, तर संशय झडपांवर. आपल्या विद्यार्थ्याच्या गाडीत दाब वाढला. मिस्त्री बरोबर होता.

अशा वेळी लेथवाला सिलिंडर किंचित मोठा व अचूक गोल करतो आणि त्यात पाव मिलिमीटर मोठा दट्ट्या बसतो. शेवटी भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ठेवतात, कारण त्यांत तेल धरून राहते.

लिटर मोजू या

ही गाडी वर्षाला 12,000 किलोमीटर चालते. लिटरला 40 किलोमीटर धरले तर 300 लिटर पेट्रोल लागते. दुरुस्तीनंतर 60 पडले तर 200 लिटर. बचत 100 लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाला दहा हजार रुपये! आठ हजारांचा खर्च वर्षाच्या आतच भरून निघतो.

आता नवी गाडी 65 देईल असे धरू. तिला सुमारे 185 लिटर लागेल. दुरुस्त गाडीपेक्षा बचत फक्त 15 लिटर.

नवी गाडी आकाशातून पडत नाही. एक किलो पोलाद तयार होताना सुमारे दोन किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. ॲल्युमिनियम धातुकापासून वेगळे करायला किलोमागे 13 ते 15 युनिट वीज लागते. सोयीसाठी सारी गाडी शंभर किलो पोलादाची धरली, तर निदान 200 किलो कार्बन डायऑक्साइड ती रस्त्यावर येण्याआधीच तिच्या नावावर लागतो. एक लिटर पेट्रोल जळून 2.3 किलो निघतो. म्हणजे हे 200 किलो सुमारे 87 लिटर पेट्रोलाइतके झाले. वर्षाला 15 लिटर वाचवून ते फेडायला जवळजवळ सहा वर्षे लागतील.

हा विचार नवा नाही. आपल्या एस.टी. महामंडळाच्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळांत जुन्या चासीवर नवी बॉडी चढवण्याचे काम होत आले आहे. महामंडळात झिजलेल्या टायरवर नवा थर चढवून तो पुन्हा वापरतात. झिजले तेवढे बदलायचे आणि शाबूत आहे ते ठेवायचे, हेच तेथील सूत्र.

दुरुस्ती केव्हा करू नये?

पण जुने ते सारे सोने असेही नाही. 1972 साली अहमदनगरची (आताचे अहिल्यानगर) लुना आली. बजाज चेतकही त्याच वर्षीची. त्यांची इंजिने दोन स्ट्रोकची होती. अशा इंजिनात ताजे मिश्रण आत येताना जळलेल्या वायूंची वाटही उघडी असते, म्हणून काही पेट्रोल न जळताच बाहेर जाते. हा दोष झिजेचा नसून रचनेचा आहे. कितीही बोअर केले तरी तो जात नाही. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या भारत स्टेज 6 च्या मर्यादेत बनलेली गाडी धुराच्या बाबतीत जुनीपेक्षा पुष्कळच चांगली असते, हेही मान्य केले पाहिजे.

सांगाड्याला तडा गेला असेल किंवा गंजाने तो पोखरला असेल, तर पैशाचा विचार न करता गाडी मोडीत काढावी. तेथे प्रश्न जिवाचा असतो. पंधरा वर्षे झाली की तपासणी करून नोंदणी नवी करून घ्यावी लागते. आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते; त्याने जुन्या रबरी नळ्या खराब होऊ शकतात. दुरुस्तीच्या वेळी त्याही पाहून घ्याव्यात.

पुढे काय झाले?

वडिलांनी कागदावरचे आकडे दोनदा वाचले आणि गाडी गॅरेजमध्ये दिली. सांगाडा आणि ब्रेक तपासून मगच सिलिंडर उतरवला. पहिले 500 किलोमीटर गाडी हळू चालवली, म्हणजे नव्या रिंगा भिंतीवर नीट बसतात. दोन महिन्यांनी मुलाने वही दाखवली. दर वेळी टाकी काठोकाठ भरून त्याने नोंद केली होती. सरासरी 57. आपण धरलेल्या 60 पेक्षा कमी! पण गणितातला आकडा अंदाजाचा होता आणि हा मोजलेला. बचत 100 ऐवजी सुमारे 90 लिटर. खर्च तरीही वर्षाच्या आत निघतो.

तुम्हीही एक प्रयोग करा. घरची सायकल उलटी उभी करा. पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हला हाताने एक ठरावीक झटका द्या आणि चाक किती सेकंद फिरते ते पाच वेळा मोजून सरासरी काढा. मग आसाच्या गोळ्या स्वच्छ करून, ग्रीस भरून पुन्हा मोजा. दोन सरासऱ्यांत पडलेला फरक वहीत लिहून ठेवा. "सायकल जुनी झाली, नवी घ्या," असे घरी म्हणण्यापूर्वी तो एकदा पाहा.