अंदाजावर तयारी, ओलीवर पेरणी

श्रोतेहो, आठवड्याचा हवामान-अंदाज ऐकून झाला, की चार दिवसांनी पारावर एक वाक्य हमखास निघते : "पाऊस सांगितला होता, आला कुठं?" तक्रार खरी असते, पण पुष्कळदा अंदाजही खोटा नसतो. त्याची भाषा तेवढी समजून घ्यायला हवी.

आपला सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत. महाबळेश्वरी वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो; आपल्याकडे सारा मिळून साडेपाचशेच्या आसपास. त्यातलाही बराचसा गडगडाटी ढगांतून येतो, आणि असा ढग थोडक्याच पट्ट्यावर रिता होतो. नव्या पेठेत खरेदीला आलेला माणूस पावसामुळे दुकानाच्या पायरीवर अडकतो, अन् गावी जाऊन बघावे तर शिवार कोरडेठाक!

आता शब्दांचा अर्थ बघा. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे त्या भागातल्या शंभर पर्जन्यमापकांपैकी फार तर २५ ठिकाणी. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५०, आणि 'बऱ्याच ठिकाणी' म्हणजे ५१ ते ७५. तेव्हा 'तुरळक' ऐकून लगेच बियाण्याचे पोते सोडू नये. पाऊस किती, हेही ऐकावे. चोवीस तासांत १५.५ मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलका, ६४.४ पर्यंतचा मध्यम, त्यापुढचा जोरदार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी सुमारे चार हजार लिटर पाणी. ऐकायला पुष्कळ वाटते, पण तापलेल्या काळ्या रानाची तेवढ्याने तहान भागत नाही.

आणखी एक गोष्ट. पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज जास्त भरवशाचा. आठवड्याच्या शेवटाचा नुसता कल समजावा. औषध फवारायचे, काढलेले पीक झाकायचे, ते पहिल्या दिवसांकडे बघून ठरवा. पेरणीचे मात्र वेगळे. रब्बी ज्वारीची सारी भिस्त उत्तरा-हस्ताच्या पावसावर. तिची तयारी अंदाजावर करावी, पण पाभर धरावी ती रानातली ओल बोटाने उकरून पाहिल्यावरच. नाहीतर बियाणे गेले, मजुरी गेली, आणि हंगामही गेला!

नदीकाठच्या मंडळींनी वरच्या जिल्ह्यांचा अंदाजही ऐकावा. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला महापूर आला. करमाळा, माढा, मोहोळ तालुक्यांतली शेते पाण्याखाली गेली. लांबोटीजवळ पुणे महामार्गाची वाहतूक थांबवावी लागली. त्यातले पुष्कळसे पाणी वरून, अहिल्यानगर आणि धाराशिवकडून आले होते. आपल्या डोक्यावर आभाळ निरभ्र असले, तरी नदी वरचा पाऊस घेऊन येते, बरं का!

ऑक्टोबर २०२४ पासून हवामान खाते ग्रामपंचायतवार अंदाजही देऊ लागले. पण तो गावाला किती लागू पडला, हे कळायचे कसे? इथे शिक्षक बंधुभगिनींनी पुढे यावे. सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा झाडाभिंतीपासून दूर, उघड्यावर पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला मुलांनी पट्टीने पाणी मोजावे, वहीत लिहावे आणि डबा रिकामा करावा. शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचा अंदाज लिहावा. दोन पावसाळे ही वही चालली, तर कोणत्या अंदाजावर किती विसंबावे, हे गावाला आपल्याच शाळेच्या वहीतून कळेल.