तांब्याच्या दोन तारा आणि दहा वर्षे

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले. त्याआधी कितीतरी वर्षे मुंबईतच जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी फोन लावून एकमेकांना ई-मेल धाडत होत्या, पण ती गोष्ट संशोधकांपुरती होती. पुढे जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले. मधली दहा वर्षे मोडेमची. या दहा वर्षांत घरोघरी, सायबर कॅफेत, डीटीपीच्या दुकानांत एकच प्रश्न सारखा ऐकू यायचा: नेटला स्पीड का मिळत नाही?

मी त्या काळात संगणकदुरुस्तीची कामे करत असे. आज मागे पाहताना ठामपणे वाटते, की या प्रश्नाचे उत्तर लोक संगणकात शोधत राहिले, मोडेमच्या खोक्यावर शोधत राहिले आणि ते बहुतेक वेळा घराबाहेरच्या खांबावर होते.

खोक्यावरचा आकडा मात्र भुरळ घालणारा असे. १४.४, मग २८.८, मग ३३.६ आणि १९९७ पासून ५६. हा ५६ किलोबिटचा आकडा. फाइल मोजली जाते बाइटमध्ये, म्हणून आठाने भागले की सेकंदाला सात किलोबाइट उरतात. तेही सगळे जुळून आले तर. फोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झमधला आवाज पोहोचवणारी. दोन्ही टोकांना अशी लाइन असेल, तर पस्तीस किलोबिटांच्या आसपास छत लागते. ५६ची युक्ती अशी होती, की सेवा देणाऱ्याचे टोक थेट डिजिटल ठेवायचे आणि डिजिटलचे आवाजात रूपांतर वाटेत एकदाच होऊ द्यायचे, तुमच्या एक्स्चेंजमध्ये. ऑफिसातला मोडेम इंटरकॉमच्या ईपीएबीएक्समधून बाहेर पडत असेल तर रूपांतर आणखी एकदा होई आणि ५६चा मोडेम निमूट ३३.६ वर किंवा त्याखाली येई. अशा ऑफिसांतून नवे मोडेम विकत घेतले गेले आणि वेग जिथल्या तिथे राहिला. थेट लाइनला जोडून पाहा एवढे कुणी सांगितले असते, तरी ते पैसे वाचले असते.

त्यात १९९७ मध्ये दोन पद्धती बाजारात आल्या, यूएस रोबोटिक्सची एक्स-टू आणि रॉकवेल-ल्युसेंटची के-५६-फ्लेक्स. एकीचा मोडेम आणि पलीकडे दुसरीचा, असे झाले की ५६ विसरायचे. १९९८ मध्ये व्ही.९० हे सामाईक मानक ठरले तेव्हा कुठे हा घोळ मिटला.

स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या आकड्यानेही पुष्कळांची दिशाभूल केली. कनेक्शन १,१५,२०० ला लागले असे विंडोज सांगे आणि माणूस खूश होई. तो वेग संगणक आणि मोडेम यांच्यामधल्या केबलचा असे, फोनलाइनचा नव्हे. जुन्या संगणकात ही केबलही अडचणीची ठरे: १६५५० जातीची सीरियल चिप नसेल, तर आलेले बाइट उचलायला प्रोसेसरला उशीर होई आणि मधले बाइट सांडत. स्वस्त अंतर्गत मोडेमची तऱ्हा निराळी. त्यांचे अर्धे काम संगणकाच्या प्रोसेसरवर ढकललेले असे, त्यामुळे डाउनलोड चालू असताना दुसरे काही उघडले की वेग बसे.

पण ही कारणे एका दुपारी संपणारी. खरा विषय लाइनचा.

लाइन तपासायला यंत्र लागत नसे. फोन उचलायचा, एक आकडा दाबायचा. डायल टोन थांबते आणि नंबर पुरा होण्याची वाट पाहत एक्स्चेंज काही सेकंद गप्प राहते. त्या वेळात कान लावून ऐकायचे. लाइन चांगली असेल तर काहीच नाही. नाहीतर बारीक सूंऽऽ, मधूनच कट्‌कट्‌, कधी शेजारच्या लाइनवरचे अस्पष्ट बोलणे. पावसाळ्यात हमखास खरखर. मग भिंतीवरचा रोझेट उघडायचा. स्क्रूखालची तार हिरवी पडलेली, टोक काळवंडलेले. ते कापून, नवे टोक सोलून घट्ट आवळले की पुष्कळदा कनेक्शन वरच्या वेगाला लागत असे. आतल्या खोलीतला पॅरलल फोन काढला की आणखी फरक पडे. खांबावरच्या डीपी बॉक्सपाशी, जमिनीखालच्या केबलच्या जॉइंटपाशी मात्र आपला हात पोहोचत नसे. तिथे लाइनमनच हवा.

आणि इथे या दहा वर्षांतली सर्वांत मोठी अडचण होती. तक्रारीचा नंबर १९८. तक्रार नोंदवली जाई, लाइनमन येई, फोन लावून पाही. आवाज येतो म्हटल्यावर त्याच्या लेखी लाइन ठीक. त्यात त्याची चूक नव्हती. त्याला दिलेले माप बोलण्याचे होते. बोलणाऱ्याला खरखर चालते. चुकलेला शब्द माणूस संदर्भाने भरून काढतो. मोडेमला ते जमत नाही. बिघडलेला तुकडा तो पुन्हा मागवतो, आणि गोंधळ वाढला की पलीकडच्या मोडेमशी नव्याने बोलणी करून वेग उतरवतो. बाहेरचा मोडेम असेल तर हे डोळ्यांना दिसे: जोडणी दाखवणारा सीडीचा दिवा पेटलेलाच आणि येणारा डेटा दाखवणारा आरडीचा काही सेकंद मेलेला.

म्हणूनच एक उपाय अनेकांना उलटा वाटे, पण लागू पडे. खराब लाइनवर मोडेमला ५६चा हट्ट सोडायला लावायचे. मोडेमला दिल्या जाणाऱ्या एटी कमांडच्या ओळीत एक भर घालून त्याला ३३.६ वर बांधून ठेवायचे. आकडा खाली येई आणि फाइल लवकर उतरे, कारण फेरमागणी आणि बोलणी यांत जाणारा वेळ वाचे. चार मेगाबाइटचे गाणे सेकंदाला चार किलोबाइटने अखंड आले तर सतरा मिनिटांत येते. वरच्या वेगाला लागून वारंवार अडखळणारी लाइन त्याला अर्धा तासही लावत असे.

लाइनच्या पुढेही अडसर होते. देशाबाहेर जाणारी वाटच अरुंद, त्यामुळे दिवसा गर्दी आणि मध्यरात्रीनंतर मोकळे. पैसे दुहेरी जायचे, अकाउंटचे तास वेगळे आणि फोनचे मीटर वेगळे. जवळ इंटरनेटचा नोड नसलेल्या तालुक्याच्या माणसाला सुरुवातीला दूरच्या शहराला एसटीडी कॉल करूनच नेट लावावे लागे. मराठी वृत्तपत्र वाचायचे तर आधी त्या वृत्तपत्राचा फॉन्ट उतरवून घ्यायचा, आणि दुसऱ्या वृत्तपत्रासाठी दुसरा. लाइन मध्येच तुटली तर तुटल्या जागेपासून पुढे उतरवणारे गेटराइटसारखे प्रोग्राम त्या काळी खरे उपकारक ठरले. मोडेमचा वेग त्यांनी कणभर वाढवला नाही, पण झालेले काम वाया जाऊ दिले नाही.

२००५ मध्ये ब्रॉडबँड आले ते त्याच तारांवरून. आदल्या वर्षीच्या सरकारी धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ किलोबिट ठरवली होती. त्याच तांब्याच्या दोन तारा, तोच रोझेट, आणि वेग मोडेमच्या छापील आकड्याच्या चौपटीहून अधिक. कारण या ब्रॉडबँडमागचे डीएसएल हे तंत्र बोलण्याच्या पट्ट्याच्या वरच्या वारंवारता वापरते. तार कधीच इतकी तोकडी नव्हती. तोकडे होते ते आवाजासाठी आखलेले कुंपण. सडलेला जॉइंट मात्र डीएसएललाही तितकाच नडला आणि पावसाळ्यातल्या तक्रारी चालूच राहिल्या.

या दशकाबद्दल आपल्याकडे लिहिले जाते ते कंपन्यांविषयी आणि पोर्टलांविषयी. खड्ड्यात उतरून, भर पावसात ओल्या केबलच्या शेकडो जोड्या रंग ओळखून जोडणाऱ्या माणसांबद्दल जवळजवळ काही नाही. यांतली बहुतेक माणसे आता निवृत्त झाली आहेत. तुमच्या घरात, ओळखीत कुणी लाइनमन किंवा केबल जॉइंटर असेल तर त्यांच्याकडून त्या वर्षांच्या हकिकती विचारून घ्या आणि लिहून ठेवा.