काचेतले प्रवाळ
हुगळीचा गाळ भरून वसवलेल्या कोलकात्याच्या सॉल्ट लेकमध्ये घरच्या टाकीत प्रवाळ जगवायचे, तर समुद्राचे पाणीही घरीच तयार करावे लागते. आरओच्या पाण्यात समुद्री क्षारांचे मिश्रण विरघळवून खारेपणा लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅमवर आणतात. मग सच्छिद्र खडक रचून काही आठवडे थांबायचे. तेवढ्या काळात खडकांवर वाढणारे जिवाणू विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट, मग नायट्रेट करू लागतात. इथे घाई केली की जीव मरतात. तापमान २५-२६ अंश सेल्सिअसच्या आसपास हवे, म्हणून कोलकात्याच्या उन्हाळ्यात चिलर लागतोच.

दगडी प्रवाळांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वोच्च संरक्षण आहे. त्यामुळे टाकीसाठी मालवणच्या किंवा अंदमानच्या समुद्रातून तुकडा तोडून आणणे हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

टाकीतल्या प्रवाळांचे छायाचित्र काढताना काच दोन्ही बाजूंनी पुसावी, पंप थोडा वेळ थांबवावा, खोलीतले दिवे मालवावेत आणि कॅमेरा काचेसमोर अगदी सरळ धरावा. तिरका धरला तर चित्र धूसर येते. टाकीवरच्या दिव्यांच्या निळ्या प्रकाशात कॅमेऱ्याला सगळेच निळे दिसते. लेन्सवर पिवळा किंवा नारिंगी फिल्टर लावला, की प्रवाळांतील प्रथिनांची हिरवी-तांबडी चमक नीट टिपता येते.