गढी पाहावी, मग ग्रंथालय गाठावे

बारामतीत कऱ्हेकाठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. नाईक म्हणजे पेशव्यांचे सावकार आणि सोयरेही. पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई याच घरात दिलेली. तरीही १७४० मध्ये बाजीराव गेल्यावर पेशवाईची वस्त्रे आपल्याला मिळावीत म्हणून नाईकांनी रघूजी भोसल्यांच्या पाठबळावर खटपट केली. वाड्याच्या जाड भिंती यातले काही सांगत नाहीत.

नाईकांची खरी कमाई मात्र तिजोरीबाहेरची. पन्हाळ्यावर १७२९ साली जन्मलेले मोरोपंत तरुणपणी त्यांच्या आश्रयाला आले, पुराणिक म्हणून राहिले आणि १७९४ मध्ये बारामतीतच वारले. इथे ‘आर्याभारत’ झाले, ‘केकावली’ झाली, शंभरावर रामायणे झाली. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात प-वर्गाला मज्जाव. म्हणताना ओठाला ओठ लागता कामा नये. हे खरे की कसे, ते वाड्यापुढे फोटो काढून कळायचे नाही. पुस्तक काढून चार ओळी मोठ्याने म्हणाव्या लागतात. पंतांना ‘अवघड’ म्हणून शाळेतच नमस्कार केलेल्यांनी हा खेळ जरूर करून पाहावा.

इंदापूरला मालोजीराजांची गढी. शिवरायांचे हे आजोबा इथल्या लढाईत पडले, एवढे सगळे सांगतात. पुढे विचारा, गोष्ट दोन वाक्यांत आटोपते. मृत्यूचे सालही पुस्तकागणिक बदलते, म्हणून एकाच पुस्तकावर विसंबू नये.

याच तालुक्यातले पळसदेवचे पळसनाथ मंदिर तर उजनी धरणाच्या पाण्यातच गेले. पाणी फार खाली गेले की वर येते. २०२४ च्या उन्हाळ्यात आले, तेव्हा बघ्यांची रीघ लागली. त्या देवळाभोवतीचा, धरणाआधीचा मुलूख पाहायचा तर १८८५ चे पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर उघडावे. तीन भाग, इंग्रजीत, पण बाजारपेठ, रस्ते, देवळे गावाच्या नावानिशी.

अशी पुस्तके शोधायची तर ग्रंथालयच गाठावे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या वाचनालयांना अनुदानाची वाट मिळाली, ‘अ’ ते ‘ड’ वर्ग लागले. स्पर्धापरीक्षेची पोरे तिथे बसतात, चांगलेच आहे. पण स्थानिक इतिहासाचे कपाट बहुधा सर्वांत शेवटी उघडते, आणि ते आपण मागत नाही म्हणून. बारामती-इंदापूरकरांनी माळ्यावरची पोथी, मोडीतले दप्तर रद्दीवाल्याला घालण्याआधी निदान ग्रंथपालांना दाखवावे.