एका तुकड्यापलीकडे

मावशीच्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासून अहवाल आला : ‘हर-२ पॉझिटिव्ह’. तोवर आजार यकृतात पोचला होता. तुकडा स्तनातला, मग यकृतातली गाठही तशीच असेल, हे कशावरून? वाचत गेले, तेव्हा कळलं की हा प्रश्न संशोधकांनाही पडलेला आहे.

पेशीच्या आवरणावर ग्राही प्रथिनं असतात. वाढकारक रेणू त्यांना चिकटला, की विभाजनाचा निरोप पेशीच्या आत जातो. हर-२ याच कुळातला. त्याचा स्वतःचा वाढकारक मात्र सापडलेला नाही. तो भाऊबंदांशी जोडी जमवून निरोप पोचवतो. स्तनाच्या सुमारे १५ ते २० टक्के कर्करोगांत पेशींवर हे ग्राही बेसुमार वाढलेले असतात. ट्रास्टुझुमॅब हे प्रतिपिंड नेमकं त्यांनाच चिकटतं. अमेरिकेत १९९८ साली औषध म्हणून त्याला मान्यता मिळाली.

याच औषधाला किरणोत्सारी झिर्कोनियम-८९ जोडलं, तर ते कुठं कुठं चिकटलं हे बाहेरून दिसतं. झिर्कोनियममधून निघालेला पॉझिट्रॉन जवळच्या इलेक्ट्रॉनला भेटतो. दोन्ही नष्ट होऊन विरुद्ध दिशांना दोन गॅमा किरण सुटतात. पेट यंत्राचं कडं ते टिपून त्यांचा उगम शोधतं. पेटसाठी नेहमी वापरलं जाणारं फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. प्रतिपिंड तर रक्तात कित्येक दिवस फिरत राहतं. झिर्कोनियम निम्मं व्हायला सुमारे ७८ तास लागतात, म्हणून ते त्याला साथ देतं. इंजेक्शननंतर चार-पाच दिवसांनी चित्र घेतात.

बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या ‘झेफिर’ अभ्यासाचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. हर-२ पॉझिटिव्ह ठरलेल्या, आजार पसरलेल्या ५६ रुग्णांपैकी २९ टक्क्यांच्या चित्रात बहुतेक किंवा सगळ्याच गाठी उजळल्या नाहीत. काहींच्या शरीरात एक गाठ उजळ, तर दुसरी काळोखी होती.

पण गाठ उजळली म्हणजे औषध लागू पडेलच, असं नाही. शिवाय प्रतिपिंड यकृतात साठतं, त्यामुळे तिथलं चित्र वाचणं अवघड. म्हणजे माझा प्रश्न नेमका अडचणीच्या जागीच होता. ही तपासणी अजून नेहमीच्या वापरातही नाही.

डॉक्टरांनी मावशीच्या यकृतातल्या गाठीत सुई घालून तुकडा काढला. तो निगेटिव्ह निघाला, आणि उपचारांचा विचार पहिल्यापासून करावा लागला.