ग्लासात नव्हे, ग्लासातून

बेळगाव-निपाणीकडे मराठी आणि कानडी घराघरांत मिसळलेली. मराठीत आपण ‘ग्लासात पाणी प्यायलो’ म्हणतो, कानडीत ‘लोटदल्लि’. मग इंग्रजीतही आपसूक ‘ड्रिंक इन अ ग्लास’ येतं. इंग्रजीला तिथं ‘फ्रॉम’ किंवा ‘आउट ऑफ’ लागतं. बशीतून चहा पिताना आपण ‘तून’ लावतोच की! स्ट्रॉला ‘थ्रू’. ‘ड्रिंक इन’ वेगळंच: एखादं दृश्य डोळे भरून पाहणं.

‘ड्रिंक अप’ म्हणजे उरलेलं संपवणं, आणि ‘ड्रिंक टू’ म्हणजे कुणाच्या नावानं पेला उंचावणं. चहावर गप्पा मारायच्या तर ‘ऑन टी’ नको, ‘ओव्हर टी’. ‘चहा घेणार?’ला ‘टेक’पेक्षा ‘हॅव’ बरं. उलट औषध पातळ असलं तरी ‘टेक’च. वाडग्यातलं सूप चमच्यानं घेतलं तर ते ‘ईट’, हे मात्र कुणालाही चमत्कारिकच वाटेल. निपाणी तंबाखूचं गाव, म्हणून हेही: विडी कुणी ‘पीत’ असला तरी इंग्रजीत ती ‘स्मोक’च होते. आणि नुसतं ‘ही ड्रिंक्स’ म्हटलं की अर्थ थेट दारूचा, अगदी आपल्या ‘तो पितो’सारखा.