अर्जातला ‘लेस’ नीट वाचा

इंग्रजीतील ‘लेस’ हा शब्द आपल्या मुलांना शाळेतच भेटतो. ‘लिटल’ म्हणजे थोडे, ‘लेस’ म्हणजे त्याहून कमी आणि ‘लीस्ट’ म्हणजे सर्वांत कमी. परंतु शाळा संपून अर्ज भरण्याची पाळी आली की हाच शब्द निराळ्या रूपात समोर येतो आणि होतकरू मुले-मुली तिथे अडखळतात.

जाहिरातीत ‘नॉट लेस दॅन ५० टक्के’ असे छापलेले असते. म्हणजे ५० पेक्षा कमी गुण चालणार नाहीत. बरोबर ५० टक्केवाला उमेदवार मात्र पात्र आहे. तिथे ‘मोअर दॅन ५०’ असते, तर तो पात्र ठरला नसता. हा फरक न कळल्याने कुणी अर्जच केला नाही, तर हक्काची संधी हातची जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडविलेल्या आपल्या संविधानातही हाच शब्दप्रयोग आहे. कलम ३२६ मध्ये मतदाराचे वय ‘नॉट लेस दॅन’ २१ वर्षे असे होते. ६१ व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून तिथे १८ आले. म्हणजे १८ पूर्ण झाली की मताचा हक्क मिळतो, १९ वे संपण्याची वाट पाहायची नाही. वय मोजण्यासाठी आता वर्षातून चार तारखा आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्या तारखेला १८ पूर्ण असलेल्यांनी सहा नंबरचा फॉर्म भरून यादीत नाव घालावे.

आणखी एक शब्दप्रयोग, ‘विचेव्हर इज लेस’. म्हणजे दोहोंपैकी जी रक्कम कमी असेल ती. ‘प्रत्यक्ष खर्च किंवा ५०० रुपये, विचेव्हर इज लेस’ असे लिहिले असेल आणि खर्च ६२० झाला, तर ५०० मिळतील. ३८० झाला, तर ३८०च. सही करण्यापूर्वी ही ओळ जरूर पाहावी.

हिशेबाच्या कागदावर मात्र ‘लेस’ म्हणजे वजा. ‘लेस ॲडव्हान्स’ लिहिले असेल, तर आधी घेतलेली उचल एकूण रकमेतून कापली, असे समजावे.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश अर्जाच्या बारीक अक्षरांनाही लागू आहे. रविवारी विहारात वंदना झाल्यावर शिकलेल्या तरुणांनी अर्धा तास बसून माता-भगिनींना असे कागद वाचून दाखवावेत. जयभीम!